तबक आणि तबकडी

११ फेब्रुवारी

ही वही माझी नाही, कंपनीची आहे. कातडी पुठ्ठा, जाड पानं, कोपऱ्यात त्यांचं चिन्ह. मिरेयबाईंनी आज जाताना हातात ठेवली आणि म्हणाल्या, "मर्विन, रोज थोडं लिहा. कामात काय काय झालं, मनात काय आलं. त्यातलं निवडून आम्ही घड्याळाच्या पेटीतल्या पुस्तिकेत छापू." मी मान हलवली. पण पहिल्याच पानावर जे लिहायचंय ते छापण्यासारखं नाही. तेव्हा वही आता माझी. त्यांना वेगळी दोन पानं लिहून देईन, ढग, पाऊस, पूर्वज वगैरे. गिऱ्हाइकाला तेच लागतं.

झालं असं. ही स्वित्झर्लंडच्या डोंगरातली घड्याळांची कंपनी. सान्ता फेच्या एका दुकानात मिरेयबाईंनी माझं कडं पाहिलं आणि विचारत विचारत पठार चढून आल्या. त्यांना चाळीस घड्याळांसाठी चांदीच्या तबकड्या हव्यात, आमच्या पद्धतीच्या. म्हणजे वरच्या पत्र्यात नक्षी करवतीनं कापायची, खालच्या पत्र्यावर झाळायची आणि खालचा पत्रा काळा करायचा. हे मी चाळीस वर्षं करतोय. मी सहा चित्रं काढून ठेवली होती. बाईंनी सहाही पाहिली, मान डोलावली, आणि गठ्ठ्याखालून एक जुना कागद बाहेर डोकावत होता तो ओढला. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे."

ते ट्रीव्हाचं तबक.

ट्रीव्हा माझी बायको. होती म्हणावं की आहे म्हणावं, कोण जाणे. आमच्यात घर बाईचं. बाईनं नवऱ्याचं सामान दाराबाहेर ठेवलं की विषय संपला, कोर्टकचेरी नाही. एकतीस वर्षांपूर्वी माझी करवत, भाता, बूट आणि एक ओलं जाकीट असं सगळं ओळीनं बाहेर मांडलेलं होतं. तेव्हापासून मी माझ्या बहिणीच्या, लोरेटाच्या, मागच्या खोलीत राहतो.

लग्न लागलं तेव्हा माझ्या मामानं एक अख्खा हिवाळा मागावर बसून ट्रीव्हाची पांढरी वस्त्रं विणली होती. त्याच्या बदल्यात तिच्याकडच्या बायकांनी पीठ आणि तबकं आणायची असतात. त्यात एक तबक खास नवऱ्याचं. गवताच्या जुडीवर युका नावाच्या झुडपाच्या चिवट पात्या गुंडाळत, मधून सुरू करून गोल गोल वाढवत नेलेलं. माणूस मेला की त्यावर बसून पलीकडे जातो. ट्रीव्हानं ते पहिल्याच हिवाळ्यात सुरू केलं होतं, तळव्याएवढं झालेलं मी पाहिलं होतं. मग माझं सामानच बाहेर आलं. तिनं ते उसवलं असणार, नाहीतर पर्यटकाला विकलं असणार. हा कागद म्हणजे ते पुरं झालं असतं तर कसं दिसलं असतं, याचा माझा अंदाज. कोणाला दाखवायला काढला नव्हता.

जानेवारीत छातीत कळ आली, फ्लॅगस्टाफला नेऊन डॉक्टरांनी रक्तवाहिनीत दोन जाळ्या बसवल्या. चौसष्ट वय झालं. तेव्हापासून हे तबक डोक्यातून जात नाही. मी जाणार कशावर बसून? लोरेटाच्या सोफ्यावर?

१४ फेब्रुवारी

बर्डी आत्याकडे लाकडं टाकायला गेलो. वय शहाऐंशी, पण जीभ सोळाची. आत्यांनी भाच्याला आपलाच नवरा आणि त्याच्या बायकोला सवत म्हणून छळायचं हा आमच्याकडचा नियमच आहे, पण ही नियमाच्या पुढे जाते.

"आलास का रे नवरोबा! मला सोडून त्या सवतीच्या मागं गेलास, काय मिळालं? बूट दाराबाहेर!"

"आत्या, एकतीस वर्षं झाली. आता तरी दुसरं काही बोल."

"दुसरं काय बोलू? लग्नात मी तुझ्या आईच्या घरावर चिखल फेकायला गेले होते, आठवतंय? आमचा सोन्यासारखा पोरगा त्या बयेला देता म्हणून. कमीच फेकला. आणखी दोन बादल्या टाकल्या असत्या तर लग्न मोडलं असतं."

घड्याळाचं सांगितलं. तिनं विचारलं, "ट्रीव्हाला विचारलंस?" मी म्हटलं, विचारायला काय हवंय, चित्र मी काढलंय. लाकडं रचून मी निघालो.

२० फेब्रुवारी

मिरेयबाईंचा फोन. तबक मुळात बायकोच्या हातचं, हे मी त्यांना बोलून गेलो होतो. तर आता, नक्षी कोणाची, त्या व्यक्तीची लेखी परवानगी हवी. पाठवलेल्या फॉर्मात एक रकाना आहे : "मूळ कलाकाराशी आपलं नातं." तासभर पेन धरून बसलो. शेवटी रकाना रिकामा ठेवला.

२७ फेब्रुवारी

गेलो एकदाचा. आधी दोनदा तिच्या घरावरून ट्रक तसाच पुढे नेला. तिसऱ्यांदा पाहिलं तर ती दारातच उभी. म्हणाली, "पेट्रोल फुकट मिळतं का तुला?"

आत युकाच्या पात्या भिजत होत्या. ती खाली बसून नखानं पाती चिरत होती. तिची बोटं अजून तशीच चालतात. मी कागद समोर ठेवला.

"हे कुठं पाहिलंस?"

"पहिल्या हिवाळ्यात. चुलीजवळ बसून विणत होतीस ते."

"ते एवढंसं होतं. बाकीचं?"

"बाकीचं मनानं काढलं."

"चुकीचं काढलंस. ढग चार नाहीत, पाच. आणि पिवळा फेरा काळ्याच्या आत येतो, बाहेर नाही. कडेला लाल आहे, बारीक."

हिनं आयुष्यात शेकड्यांनी तबकं विणली असतील, सगळ्या गावाच्या पोरींच्या लग्नांना. एवढ्या जुन्या, तळहाताएवढ्या तुकड्याचं सगळं तिच्या लक्षात कसं, देव जाणे. बायकांची स्मरणशक्ती अफाट असते. माझे अपराध पण तिला तारीखवार पाठ आहेत.

परवानगीचं विचारलं. "करून आण. बघेन आणि सांगेन," म्हणाली. कॉफी विचारली नाही. पण मी उठलो तेव्हा म्हणाली, "गोळ्या घेतोस का वेळेवर?" छातीचं तिला कोणी सांगितलं कळलं नाही. जॅनेल असणार.

९ मार्च

वारा. वाळू अगदी करवतीच्या पात्यातसुद्धा. काम नाही.

संध्याकाळी जॅनेलचा, लेकीचा, फोन आला. ती फ्लॅगस्टाफला शाळेत शिकवते. सांगत होती, "बाबा, आईचं काहीतरी विचित्रच असतं. दर हिवाळ्यात ट्रंकेतून एक जुनं तबक काढते, थोडं विणते, परत ठेवते. कोणाचं म्हणून विचारलं तर खेकसते. मला तर हातही लावू देत नाही."

मी म्हटलं, कोणीतरी खडूस गिऱ्हाईक असेल, पैसे दिले नसतील, म्हणून लांबवत असेल. ट्रीव्हाला लोक फार फसवतात. जॅनेल म्हणाली, "बाबा, तुम्ही खरंच धन्य आहात." कशाबद्दल म्हणाली ते काही कळलं नाही. पोरीला कौतुक आहे माझं, बरं वाटलं.

२ एप्रिल

पहिली तबकडी कापायला घेतली. रुंदी दीड इंचाहून कमी. पाच ढग, पिवळ्याच्या जागी सोन्याचा पातळ फेरा. करवतीची पाती घोड्याच्या केसाएवढी, दिवसाला सहा तुटतात. भिंग लावून डोळा दुखतो, पण हात थरथरत नाही अजून.

१७ मे

जॅनेलचा फोन : क्लिफर्डमामाचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, आईचं शेत यंदा पेरलेलं नाही. "ती कोणाला सांगणार नाही, बाबा."

मग लिहूनच टाकतो. माझं सामान बाहेर आलं ते उगाच नाही. लागोपाठ दोन वर्षं पेरणीच्या दिवसांत मी फीनिक्सच्या दुकानांत बसलो होतो. तिथं मोठमोठी माणसं माझी कडी हातात घेऊन "वा, वा" म्हणत होती, दारू पाजत होती. घर बाईचं आणि शेतही बाईच्या घराचं, पण मका पेरायचा नवऱ्यानं. तेवढं एकच काम माझ्याकडे होतं. पहिल्या वर्षी तिच्या भावानं पेरलं. दुसऱ्या वर्षी तिनं स्वतः पेरलं, जॅनेलला पाठीला बांधून. मी आलो तेव्हा कणसंही घरात आलेली होती. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

१९ मे

उजाडायच्या आत शेतावर. काठीनं कोपरापर्यंत खोल भोक, ओल लागेपर्यंत. दहा दाणे. चार पावलं. पुन्हा. अर्ध्या दिवसात धाप लागली, दहा मिनिटं बसलो, परत उठलो.

दुपारी तिची गाडी आली. बॉनेटवर डबा ठेवला आणि परत आत जाऊन बसली. काचा वर. रस्सा होता, मेंढीच्या मटणाचा आणि मक्याचा, बरोबर पिकी, म्हणजे निळ्या मक्याची भाकरी, कागदासारखी पातळ. मी खाईपर्यंत ती समोर बघत बसली. डबा धुवून बॉनेटवर ठेवला, ती घेऊन गेली.

२२ मे

आज काच अर्धी खाली होती. म्हणाली, "ओळी वाकड्या आल्यात."

"वाऱ्यानं."

"वारा ओळी काढतो का?"

शेत पुरं झालं. हात सोलपटलेत. आठवडाभर करवत धरता येणार नाही. काही हरकत नाही.

खरं लिहू? मी सारखं तबक तबक करतो, ते खोटं आहे. मला तिच्या घरातली सकाळ हवी आहे. ती पाट्यावर मका दळतेय, मी दारात बसून बूट चढवतोय, आणि ती मागून काहीतरी टोचून बोलतेय. एकतीस वर्षं लोरेटाच्या घरात टीव्हीच्या आवाजानं जाग येते. लोरेटाचा दोष नाही. चांगली आहे बिचारी.

२८ जून

तबकडी झाली. मन लावून केली. पण एक अडचण होती. तबक विणताना फेरा वाढत वाढत बाहेर येतो, तेव्हा कडेला जुडीचं टोक कुठंतरी संपणारच. बायका ते दोन टाके मोकळं सोडतात. चांदीत ते तसं सोडलं तर करवत घसरल्यासारखं दिसतं. मी आजवर काढलेला प्रत्येक गोल बंद केलाय. हाही केला, नीट झाळून, बोट फिरवलं तरी सांधा लागत नाही. मागं माझा ठसा मारला आणि स्वित्झर्लंडला पाठवली.

२३ जुलै

मिरेयबाई आल्या, घड्याळ घेऊन. काटे बसवून, काच घालून. मी एवढं काम आयुष्यात केलं, पण माझी नक्षी टिकटिक करताना प्रथमच ऐकली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "आमच्या मालकांनी हे पाहिलं आणि नुसतं हातात धरून बसले." मलाही खूप बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. वाटलं, आता ट्रीव्हाला दाखवतो, फीनिक्सला कशासाठी बसलो होतो ते तिला एकदा दिसू दे.

बाईंना घेऊनच गेलो. ट्रीव्हानं हात पुसले, घड्याळ घेतलं, दारातल्या उजेडात नेलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आधी तिचा चेहरा मऊ झाला. ढग मोजले तिनं, ओठ हलत होते. मग तिनं कडेवरून नख फिरवलं, पूर्ण एक फेरी. पुन्हा फिरवलं.

"कोण मेलं?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"टोक बंद केलंस. कोण मेलं, सांग ना. की तूच मेलास आणि मला कळवायला आलायस?"

घड्याळ माझ्या हातावर ठेवून ती आत गेली. मिरेयबाई विचारत राहिल्या, काय झालं, आवडलं नाही का. मी काय सांगणार? मलाच कळलं नव्हतं. बाईंना म्हटलं, तिची तब्येत बरी नाही.

२४ जुलै

सकाळीच बर्डी आत्याकडे. तिला सांगितलं तर ती एवढी हसली की खोकला लागला.

"चाळीस वर्षं नक्ष्या कापतोस आणि एवढं माहीत नाही? अरे, आमच्या वेळी तबकाच्या टोकावरून बाई ओळखायचे. टोकाला जुडीची काडी लांब सोडलेली असेल तर पोरीचं लग्न व्हायचंय. दोन टाके मोकळे असतील तर नवरा आहे. आणि टोक घट्ट बंद केलेलं असेल तर नवरा गेला. आता कोणी पाळत नाही, आता काय, पर्यटकांना गोल हवा असतो. पण ट्रीव्हाला तिच्या आजीनं शिकवलंय. ती पाळते."

"म्हणजे मी तिला विधवा केलं."

"चांदीत केलंस. चाळीस घड्याळांत करणार होतास."

मग मला हायसं वाटलं. म्हणजे राग नक्षीतल्या चुकीचा होता, माझा नव्हता. चूक सुधारता येते. आत्याला तसं म्हटलं तर तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाली, "घरी जा, नवरोबा. माझं वय झालं, मला हे झेपत नाही."

२५ जुलै

नवी तबकडी. टोक मोकळं, दोन टाके. चांदीत दोन टाके मोकळे सोडणं म्हणजे काय काम आहे ते मलाच माहीत.

१४ ऑगस्ट

मिरेयबाईंचं पत्र, मग फोन. पाठवलेल्या नव्या तबकडीचं टोक मोकळं चालणार नाही. बाईंचा आवाज पडला होता, त्यांना वाईट वाटत होतं. "मर्विन, एवढी किंमत मोजून माणूस घड्याळ घेतो आणि कडेला फट दिसते. तो परत पाठवेल. घड्याळात सगळं बंद लागतं."

मी सांगितलं, ही फट नाही. त्यांनी ऐकून घेतलं, खरंच ऐकून घेतलं, प्रश्न विचारले. शेवटी म्हणाल्या, "एक सुचतंय. टोक तसंच ठेवा, पण बाराच्या जागी आणा. तिथं आमचं चिन्ह बसवू, वरून. खाली टोक मोकळंच राहील. तुम्हाला माहीत असेल, आम्हाला माहीत असेल."

वाईट नाही. विचार करून सांगतो म्हटलं.

१६ ऑगस्ट

शेतात मका माझ्या छातीइतका. खुरपायला गेलो तर ट्रीव्हा आधीच तिथं. एका ओळीत ती, पलीकडच्या ओळीत मी. चिन्हाचं सांगितलं.

ती खुरपतच म्हणाली, "म्हणजे नवरा जिवंत आहे, पण त्याच्यावर कंपनीचं नाव ठेवायचं."

"तसं नाही गं."

"मग कसं? आधी फीनिक्सवाले होते, आता हे. तुझ्यावर कोणाचं ना कोणाचं नाव असतंच." आणि मग थोड्या वेळानं, "त्यांचे काटे पण उलटे फिरतात. आपलं सगळं डावीकडे फिरतं."

मी हसलो. ती पण हसली असावी, पाठमोरी होती.

३० ऑगस्ट

झोप नाही. चाळीस घड्याळं म्हणजे माझं नाव जगभर. लोरेटाचं छप्पर. जॅनेलचं कर्ज. आणि आता पुन्हा कोण विचारणार आहे मला, या वयात? दुसरी एखादी नक्षी द्यावी म्हटलं, तर मिरेयबाई म्हणतात, मालकांना हीच हवी. पहिली सहा त्यांनी पुन्हा पाहिली, नको म्हणाले.

१२ सप्टेंबर

गेल्या आठवड्यात फोन करून नाही म्हणून सांगितलं.  बाई म्हणाल्या, "मला तुमच्यासाठी वाईट वाटतंय, पण तुमचा राग येत नाहीये." भली बाई आहे. आज मोकळ्या टोकाची तबकडी परत आली, बरोबर ते पहिलं घड्याळही. चिठ्ठीत लिहिलंय, हे आम्ही विकू शकत नाही, तुम्हीच ठेवा. मी घड्याळ उघडलं, काटे काढले आणि बंद टोकाची तबकडी मुशीत टाकली. वितळायला अर्धं मिनिट लागलं.

आता ट्रीव्हाला सांगेन. तिला कळेल तरी, की यावेळी मी दुकानवाल्यांच्या बाजूनं गेलो नाही.

१८ सप्टेंबर

अजून सांगितलेलं नाही. तिच्या घरापर्यंत जातो आणि कणसांबद्दल बोलून परत येतो. चौसष्टाव्या वर्षी हे असं. आत्या म्हणते, "तू काय तिला मागणी घालायला चाललायस का, घाम फुटलाय तो?"

१९ ऑक्टोबर

कापणी झाली. ट्रीव्हाच्या अंगणात निळ्या, पांढऱ्या, लाल कणसांचे ढीग. तिनं सकाळी जॅनेलकडून निरोप दिला, "त्याला म्हणावं, पेरलंय तर सोलायलाही ये." गेलो. दोघं समोरासमोर बसून पानं सोलत होतो. आज सांगायचंच ठरवलं होतं.

"ट्रीव्हा, मी कंपनीला नाही म्हटलं."

तिचा हात थांबला. "कधी?"

"दीड महिना झाला."

"मूर्खा! नाही का म्हटलंस? कोणी सांगितलं तुला नाही म्हणायला?"

"तू म्हणालीस ना, कंपनीचं नाव..."

"मी बोलते रे! मी एकतीस वर्षं बोलतेय, तेव्हा एकदा तरी ऐकलंस? आणि नेमकं हेच ऐकायचं सुचलं? लोरेटाच्या छपरातून पाणी गळतंय, पोरीचं कर्ज आहे, आणि हा निघाला मोठा मानी!" तिनं हातातलं कणीस माझ्या अंगावर फेकलं. खांद्याला लागलं. मग दुसरं उचललं आणि सोलायला लागली, भरभर, डोळे खाली. नाक ओढत होती. मला वाटलं, धुळीनं.

मी गप्प बसायला हवं होतं. आमच्यात हे मागायचं नसतं. ज्यानं द्यायचं त्यानं आपणहून द्यायचं. पण राहवलं नाही. मी म्हणालो, "माझं तबक विण, ट्रीव्हा. कसंही विण. टोक बंद करून विण, उघडं विण. पण मला ते तुझ्या हातचं हवंय. दुसऱ्या कोणाच्या तबकावर मी जाणार नाही."

ती उठून आत गेली. मला वाटलं, संपलं, पुन्हा बूट बाहेर. ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर आली ती हातात काहीतरी फडक्यात गुंडाळलेलं घेऊन. माझ्या मांडीवर ठेवलं आणि पुढ्यात बसली.

पाच ढग. पिवळा काळ्याच्या आत. मधला तळव्याएवढा भाग विटलेला, रंग उडून गवताचाच झालेला. त्याच्या पुढचे दोन-तीन फेरे इतके घट्ट की सुई शिरणार नाही, रागानं ओढलेले. मग सैल. मग जरा नीट. बाहेर येत येत रंग ताजा होत गेलेला, आणि कडेचा लाल तर यंदाचाच, बोटाला लागेल असा. मी कारागीर आहे, हात वाचता येतो मला. एवढी वर्षं मी तो वाचायला गेलोच नव्हतो, इतकंच.

"दर हिवाळ्याला?" मी विचारलं.

"काही वर्षी अर्धाच फेरा. ज्या वर्षी तुझ्यावर जास्त चिडले, त्या वर्षी चार टाके. एका वर्षी उसवलं पण होतं थोडं."

"कोणत्या?"

"तुला काय करायचंय?"

 रडलो, सरळ रडलो, पानांच्या ढिगात बसून. ती रागानं म्हणाली, "पुरे आता, मका भिजेल." पण तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता, आणि तो तिनं काढला नाही.

कडेला दोन फेरे राहिले होते, फार तर. मी नाक पुसून म्हणालो, "दोनच तर राहिलेत. या हिवाळ्यात होईल ना?"

"नाही."

"मग पुढच्या?"

"बघू."

"अगं, पण कधी पुरं करणार?"

तिनं तबक माझ्या मांडीवरून उचललं, फडकं नीट सारखं केलं आणि म्हणाली, "का? तुला कुठं जायची घाई आहे का?"

मी नाही म्हटलं. घाई नाही.

"मग ते लाल कणीस इकडे दे," ती म्हणाली. अजून दोन ढीग बाकी होते. आम्ही सोलत बसलो.